मांडीखाली दाबलेले हात

भागिरथा,

जेवलीस का, देवमनच्या गोळ्या वेळेवर देतेस का, हे विचारायला मी लिहीत नाही. ते फोनवर विचारते आणि तू "हो अक्काजी" म्हणतेस. फोनवर तू एक गोष्ट मात्र विचारत नाहीस. आधी विचारायचीस. आता नुसती थांबतेस. मी "बरं, ठेवते" म्हणेपर्यंत तुझा श्वास ऐकू येतो, आणि तू कशासाठी थांबली आहेस ते मला कळतं.

तर सांगते. नाही. अजून नाही विचारलं.

तू चिडणार नाहीस, माहीत आहे मला. चिडली असतीस तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द सुनावले असते आणि भांडणात ते काम होऊन गेलं असतं. पण तू...

पत्र इथवर येतं आणि अडतं. चार वेळा अडलं. जे तिला माहीतच आहे ते तिला काय लिहायचं? म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. निदान एकदा सगळं सरळ मांडून तरी होईल.

भागिरथा माझी भावजय. माझा धाकटा भाऊ देवमन, त्याची बायको. वय बासष्टच्या आसपास. माहेर जऊळक्याचं, बाप रेल्वेत गँगमन. चौथी पास. पाचवीला घातलंच नाही, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणीतरी घरी हवं होतं. लग्न होऊन आसेगावला आली तेव्हा मी कॉलेज संपवून वाशीमला शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. तिच्या लग्नात मी तिला पहिला प्रश्न विचारला, "पुढे शिकायचंय का?" ती म्हणाली, "आता कोन्या वर्गात बसवता मले?" मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर बोलली.

तिचं काम शेकण्याचं. शहरातल्या मुलींना हे सांगावं लागतं. बाळंतीण बाजेवर झोपवायची, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारायची, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकायच्या. तेलाने अंग रगडायचं. बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालायची, मग तळहात शेगडीवर धरून, आपल्या गालाला लावून पाहून, ते बाळाच्या पोटावर, छातीवर, तळपायांवर ठेवायचे. आसेगावात आणि आजूबाजूच्या चार गावांत तीसहून जास्त वर्षं हे काम भागिरथेचं. तिच्या हाताला एक वेगळीच ऊब आहे. मला संधिवात आहे, तिने गुडघ्यावर नुसता हात ठेवला तरी बरं वाटतं. हे मी विज्ञानाची शिक्षिका असून लिहिते आहे.

मला तिचं हे काम आवडत नव्हतं. आपल्या लोकांनी छप्पन सालच्या धर्मांतरानंतर असली कामं ठरवून सोडली, आणि माझीच भावजय पाटलांच्या घरी अंगं रगडायला जाते! एकदा तिला स्पष्ट बोलले.

"कशाला जातेस त्यांच्या पोरांची ढुंगणं धुवायला?"

"तुमी त्याहीच्याच पोट्ट्याहीले इज्ञान शिकवता न अक्काजी? मी आंघोय घालतो. आपून दोघीही त्याहीच्याच पोट्ट्याहीच्या मांगं."

"माझी नोकरी आहे."

"मंग माही काय भीक हाये? पह्यले खुर्चीवर बसतो, त्याहीच्याच कपात चहा पेतो. मंगच हात लावतो."

मी चहा पिऊन वाशीमला परत आले.

या कामाची सुरुवात झाली ती राजूपासून. राजू जगदेवचा मोठा मुलगा. जगदेवची आसेगावात मोठी शेती. पौष महिना होता, भागिरथा त्यांच्या शेतात कापूस वेचत होती. घरी जगदेवची बायको सोजरबाई पहाटेपासून अडलेली. पाणी तापवायला कोणीतरी बाई हवी म्हणून शेतातून हिला बोलावलं. ही मागच्या दाराने आत गेली तेव्हा मूल बाहेर आलं होतं, पण रडत नव्हतं. म्हाताऱ्या सुईणीने ते सुपात ठेवलं होतं. "गेलं," म्हणाली आणि आईकडे वळली.

भागिरथेने कोणाला विचारलं नाही. सुपातून मूल उचललं, आपल्या पदराने पुसलं, तळपाय चोळले, पाठ चोळली, शेगडीजवळ धरलं. गार होतं म्हणे, विहिरीतल्या दगडासारखं. बऱ्याच वेळाने त्याने एक आचका दिला, मग रडलं. पुढचे तीन दिवस त्या मुलाला तिने शेगडीपासून हलवलं नाही. सोजरबाईच्या सासूने दुसऱ्या दिवशी ते सूप फेकून दिलं, आमच्या हाताचं झालं म्हणून. भागिरथेला मात्र सव्वा महिना ठेवून घेतलं.

राजू आज चौतीस वर्षांचा आहे. चालायला तिसऱ्या वर्षी लागला, बोलायला सहाव्या. गुरं नेतो आणि आणतो. वीसच्या पुढे मोजता येत नाही. पण एकही जनावर कधी हरवलेलं नाही, कारण तो त्यांना मोजत नाही, नावाने हाका मारतो. भागिरथेला "मोठमाय" म्हणतो. सोजरबाई भेटेल त्याला सांगते, "हे नसती तं माहा राजू सुपातूनच गेला असता." राजू असा का, हे त्या घरात कोणी बोलत नाही. उशिरा रडला म्हणून, एवढंच.

आता गेल्या एप्रिलकडे येते.

देवमन सहासष्ट वर्षांचा, शेलूबाजार ते आसेगाव जीप चालवतो. चालवायचा. भर दुपारी स्टँडवर जीपमध्ये पॅसेंजर कोंबत असताना स्टिअरिंगवर पडला. शेजारच्या जीपचा ड्रायव्हर हेमसिंग. त्याने ड्रायव्हरांच्या कुठल्याशा शिबिरात छाती दाबायला शिकून घेतलं होतं. बाकीचे कांदा हुंगवत होते, चप्पल हुंगवत होते; हेमसिंगने सगळ्यांना शिव्या देऊन बाजूला केलं, देवमनला रस्त्यावर उताणं पाडलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिला. अँब्युलन्सवाल्यांनी झटके दिले. तिसऱ्या झटक्याला हृदय सुरू झालं. देवमन मात्र शुद्धीवर आला नाही.

वाशीमच्या दवाखान्यात मी आधी पोचले, घरापासून चालत अकरा मिनिटं. भागिरथा हेमसिंगच्या जीपमधून तासाभराने आली. हाताला तेलाचा वास होता. कोण्या बाळंतिणीच्या घरून तशीच निघाली होती. तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर देवमनच्या पायांना हात लावला.

"पाय गार हायेत," ती म्हणाली. "कोनी शेकून नाई राह्यलं?"

डॉक्टर तरुण होता. मोठ्या शहरात शिकून आलेला, तरी माणसांशी नीट बोलणारा. त्याने आम्हा दोघींना समोर बसवलं. हृदय काही मिनिटं बंद होतं, म्हणाला, तेवढा वेळ मेंदूला रक्त नव्हतं. आता रक्त परत सुरू झालंय, पण खरं नुकसान यापुढच्या एकदोन दिवसांत वाढतं, मेंदूला सूज येते. म्हणून अंग गार करायचं. तेहतीस डिग्रीपर्यंत आणायचं, चोवीस तास तसंच ठेवायचं, मग अगदी हळूहळू वर आणायचं.

"नक्की वाचेल?" मी विचारलं.

"नक्की असं मी म्हणणार नाही मॅडम. काही डॉक्टर आता इतकं गार करत नाहीत, फक्त ताप येऊ देत नाहीत. मला यांच्या बाबतीत करावंसं वाटतं. जागे झाले तर तुम्हाला ओळखतील का, बोलतील का, हे सगळं यावर असू शकतं."

भागिरथा त्याच्याकडे नुसती पाहत होती. मग म्हणाली, "मेंदू डोक्शात असते न डाक्टर? मंग डोक्शाले बरफ लावा. अंगाले काहून? डोकं गार, पाय गरम, असं ऱ्हायते मानसाचं."

"रक्त सगळीकडे फिरतं मावशी. सगळं अंग गार केलं तरच मेंदू गार होतो."

"गार मानूस म्हंजे मेलं मानूस."

मी मध्ये पडले. मला वाट पाहणं जमत नाही, आणि तिथे वेळही नव्हता. म्हटलं, "भागिरथा, ऐक. उन्हातून पळत आलेल्या बैलाला आपण लगेच पाण्यावर नेतो का? वैरण टाकतो का? सावलीत उभा करतो. धाप बसू देतो. तसंच आहे हे. त्याच्या मेंदूला धाप लागलीय. कर सही."

"तुमी करा."

"बायकोची लागते."

तिने सही केली. भा, गि, र, थ, पुढे काना. एकेक अक्षर काढताना ती माझ्याकडे पाहत होती. मी तिला कोंडीत पकडून सही घेतली हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढची गोष्टही मीच केली. सहा खाटा आणि दोन सिस्टर, अशी तिथली परिस्थिती. डॉक्टर म्हणाला, बर्फाच्या पिशव्या दर अर्ध्या तासाने बदलाव्या लागतील, एका नातेवाइकाला आत बसू देतो. मान, काखा, जांघा, या जागा. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण मी शिकलेली. माझे गुडघे! मी म्हटलं, "ही बसेल. हिच्या हातांना शिस्त आहे."

म्हणजे जिने तीसहून जास्त वर्षं माणसांना ऊब दिली, तिच्या हातात मी बर्फ दिला.

दवाखान्यातल्या बर्फाच्या पिशव्या पुरेनात. बाहेर बेचाळीस डिग्री. हेमसिंग रसवंतीवाल्याकडून भुशात गुंडाळलेली लादी पोत्यात घालून घेऊन आला, जिन्यावर पाणी गळत होतं.

"मास्तरीनबाई, रसवंतीवाला म्हने, बरफ कायले पायजे? म्या म्हनलं, मानूस गार ठेवाले. थो म्हने, मेलं का बाप्पा? म्या म्हनलं, मेला होता, आता जिता झाला, म्हनून तं बरफ पायजे! थो पाहूनच राह्यला माह्याकडं."

मी हसले. काचेच्या दारातून आत पाहिलं तर भागिरथा लोखंडी स्टुलावर बसलेली, हात देवमनच्या खाटेपासून वीतभर लांब.

संध्याकाळच्या सुमाराला देवमन कापायला लागला. शुद्ध नाही, नळी तोंडात, आणि सगळं अंग थरथरतंय, दात त्या नळीवर वाजताहेत. औषध येईपर्यंत चारपाच मिनिटं गेली असतील. मी काचेबाहेर होते. भागिरथा उठली. तिने दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, आपल्या गालाला लावून पाहिले, जसे बाळासाठी पाहते तसेच, आणि देवमनच्या तळपायांवर ठेवले.

सपना नावाची सिस्टर धावत आली. "मावशी! हात काढा!"

"अवो नुसता हात ठेवला."

"तुमचा नुसता हात म्हणजे शेगडी आहे! काढा आधी."

"थो कापून राह्यला न बाई."

"कापू द्या. औषध देतेय. तुम्ही ऊब दिली की आमची मेहनत वाया. त्यांच्या डोक्याचं वाईट करायचंय का तुम्हाला?"

सपना वाईट मुलगी नाही. घाईत बोलली, सहा पेशंट होते तिच्याकडे. भागिरथेने हात काढले. स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घातले, तळवे खाली, वरून आपलं सगळं वजन टाकून. अर्ध्या तासाने हात काढायची, पिशव्या बदलायची, की पुन्हा मांडीखाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तशीच होती. मी दोनदा म्हटलं, बाहेर ये, मी बसते. मान हलवून नाही म्हणाली. एकदा फक्त बोलली, "अक्काजी, मी उठली तं माहे हात जातीन तिकडं." पाण्याचा पेला मी तिच्या तोंडाला लावला. तेवढ्यासाठीसुद्धा तिने हात काढले नाहीत.

मी आयुष्यात शेकडो मुलांना बाकावर उभं केलं आहे. इतकी अडकलेली व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही. दार उघडंच होतं.

चोवीस तास झाले. अंग वर आणायला सुरुवात झाली, तासाला पाव डिग्री. डॉक्टर फेरीवर आला, आकडे पाहून खूश झाला. त्याला भागिरथेला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. कोणीतरी त्याला तिचं काम सांगितलं असणार, बहुतेक मीच.

"मावशी, तुम्ही बाळ-बाळंतिणीचं करता ना? मग तुम्हाला आवडेल हे. जन्मल्यावर उशिरा रडलेल्या बाळांनासुद्धा आता मोठ्या दवाखान्यांत असंच गार ठेवतात. तीन दिवस. त्यांचा मेंदू वाचावा म्हणून."

भागिरथेने हात मांडीखालून काढले. "तीन दिवस?"

"हो. तीन दिवस."

"गार?"

"गार." तो हसला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माझं लक्ष आकड्यांकडे होतं.

देवमन चौथ्या दिवशी जागा झाला. नळी काढल्यावर घसा बसलेला, तरी सगळ्यांना ओळखलं. पुण्याहून मुलगा संघदीप आला होता, त्याला म्हणाला, "रजा टाकली का?" मग हेमसिंग आत आला.

"बरगड्या काहून मोडल्या बे माह्या?"

"काका, तुमी मेले होते."

"मेल्यावरही इतकं दुखते काय?"

"दुखते म्हंजे जिते हा! बरगड्याचं पाहू मंग, पह्यले जीप कोन्या गेअरमधी होती थे सांगा."

"न्यूट्रल. तुह्यासारखा हाये का मी?"

सगळे हसले, सपना सिस्टरसुद्धा. एवढ्याचसाठी केलं होतं सगळं: तो बोलावा, त्याने ओळखावं. सही केली ती बरोबर ठरली. मी भागिरथेकडे वळून म्हटलं, "पाहिलंस? गार केलं म्हणून वाचला." ती आपल्या तळहाताकडे पाहत होती. "व्हय," म्हणाली. "गार केलं म्हनून."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. डॉक्टरसुद्धा तसं बोलला नव्हता.

घरी गेल्यावर तिने काम सोडलं. लोकांना वाटलं नवऱ्याची सेवा करते आहे. जूनमध्ये मी चार दिवस आसेगावला राहायला गेले होते तेव्हा सोजरबाई आली, सोबत राजू. राजूने देवमनची काठी हातात घेतली आणि ओट्यावर बसून तिच्याशी खेळत राहिला. सोजरबाईची धाकटी सून रूपाली, राजूच्या भावाची बायको, तिला आठवा महिना होता.

"रूपालीचं तुलेच करा लागते वं भागिरथा. माह्या घरची शेगडी दुसऱ्या हातानं नाई पेटाची."

"माहे हात दुखतेत बाई."

"हात दुखतेत! राजूच्या वक्ती कापूस वेचून आली होती तू, बोटं रक्तबंबाळ. तवा नाई दुखले?" मग माझ्याकडे वळून, "मास्तरीनबाई, तुमी सांगा हिले. हिनं तीन दिवस माह्या राजूले शेगडीपासून हालू देल्लं नाई. हिच्या हातातच हाये थे."

भागिरथेचा चेहरा मी पाहिला. सोजरबाई आभार मानत होती आणि एकेक शब्द तिच्यावर दगडासारखा पडत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विज्ञानाची शिक्षिका!

ते गेल्यावर ती चुलीपुढे बसली. चूल पेटवली नाही.

"अक्काजी, राजूले म्या तीन दिवस शेकलं."

"मूर्ख आहेस," मी म्हटलं. "जन्मलेलं ओलं मूल गार पडलं असेल तर पुसायचं, चोळायचं, ऊब द्यायची. आजही दवाखान्यात तेच करतात, पुस्तकात आहे. तू नसतीस तर ते सुपातच गेलं असतं. आणि ते गार ठेवणं मशीनवर असतं, मोठ्या दवाखान्यात. नुसतं गार पडू दिलं तर मूल मरतं. चौतीस वर्षांपूर्वी आसेगावात कुठलं मशीन?"

"रडेपावेतो ठीक."

"मग?"

"रडल्यावर?"

मी चष्मा काढून पदराने पुसायला लागले.

"रडल्यावर तीन दिवस शेगडी कायले ठेवली म्या? डाक्टर म्हने, थे तीन दिवसच असतेत मेंदूचे. त्याच तीन दिवसांत म्या त्याले निखाऱ्यापाशी धरलं. अंग तापलं होतं त्याचं, अक्काजी. मले वाटलं, बरं झालं, ऊब धरली."

मी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"तुमाले नाई मालूम," ती म्हणाली. "डाक्टरले मालूम हाये. इचारून या. मंग मी रूपालीकडं जातो, नाई तं नाई जात."

"तूच चल. पुढच्या तपासणीला देवमनला न्यायचंच आहे."

"माह्यानं त्या खोलीत नाई जावत."

तिने संघदीपच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि स्वतः लिहिलं. मी सांगते ते लिही म्हटलं तर ऐकलं नाही. "तुमी शब्द बदलसान." चिठ्ठी चार घड्या करून माझ्या हातात दिली. तीत एवढंच आहे: डाक्टर साहेब, पोरगं उशिरा रडलं, मी तीन दिवस शेकलं, चुकलं का. भागिरथा.

चिठ्ठी मी चष्म्याच्या घरात ठेवली.

तपासणीला मी देवमनला घेऊन गेले. डॉक्टरने त्याला महिना विचारला, वार विचारला, शंभरातून सातसात कमी करत जायला सांगितलं. देवमनने त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं धडाधड म्हणून टाकलं आणि वर विचारलं, "सुटे पैसे परत देनं शिकवून राह्यले का मले?" डॉक्टर हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अजून काही विचारायचंय मॅडम?"

चष्म्याचं घर मांडीवर होतं. मी म्हटलं, "नाही."

का नाही, तेही सांगते. त्या डॉक्टरला मी ओळखलं होतं. तो खोटं बोलत नाही. देवमनच्या वेळी "नक्की" म्हणाला नव्हता, इथेही म्हणणार नाही. "सांगता येत नाही," म्हणेल. किंवा "नाही, तसं काही नसावं," असं म्हणेल, पण म्हणण्याआधी क्षणभर थांबेल. तो क्षण मला आसेगावला न्यावा लागेल. माझा चेहरा भागिरथा बाळाच्या अंगासारखा वाचते, ताप आहे की नाही तिला हात लावायच्या आधी कळतं. मी तिला स्वतःच्या मनाने "डॉक्टर म्हणाले, चुकलं नाही" असं सांगू शकले असते. चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका सांगितलं, तरी हे एक बोलले असते. तिने विश्वास ठेवला नसता.

त्या दिवशी तिला सांगितलं, गर्दी होती. पुढच्या वेळी सांगितलं, डॉक्टर रजेवर होता. रजेवर नव्हता, समोर बसून देवमनचं ब्लडप्रेशर घेत होता. तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही.

जुलैमध्ये रूपाली मंगरूळपीरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. लगेच रडली. पाचव्या दिवशी घरी आणल्यावर सोजरबाईने राजूला भागिरथेकडे पाठवलं. सकाळी दहाला मला भागिरथेचा फोन.

"राजू आला हाये. 'मोठमाय, चाल, बाळ,' म्हनते. म्या सांगतलं, अक्काजी वाशीमहून येतीन, मंग येतो."

मागून राजूचा आवाज येत होता. तो गुरांना मारतो तशा हाका मारत होता, पण नाव घेत होता माझं. अक्काजी, अक्काजी.

"ओट्यावर बसला हाये," ती म्हणाली. "तुमी येता का म्हनते."

दवाखान्यात जायला मला अकरा मिनिटं लागली असती. विचारायला दोन. आसेगावची गाडी साडेबाराची होती. मी म्हटलं, "आज गुडघे फार दुखताहेत गं."

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला नाही.

राजू दिवे लागेपर्यंत त्या ओट्यावर बसला होता, हे मला देवमनने नंतर सांगितलं. गुरं आणायची वेळ झाली तेव्हा उठला. रूपालीला शेकायला शेलूबाजारची एक बाई लावली. चांगली आहे म्हणतात. हीटर वापरते.

डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बाहेरचे पेशंट पाहतो, दहा ते एक. आज शुक्रवार. मी साडेनवाला साडी बदलली, चष्म्याचं घर घेतलं, आतली चिठ्ठी उघडून पाहिली. घड्यांवर ती फाटायला आली आहे. घराबाहेर पडले. पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून दवाखान्याची पाटी दिसते. मग पोस्टात शिरले आणि दोन पाकिटं घेतली, तसं तिथे माझं काही काम नव्हतं.

त्यातलं एक पाकीट आता समोर आहे, अजून रिकामं. भागिरथा, तुझा पत्ता लिहून झाला आहे.